उन्हात ठेवलेली नळी

“हात दाखव,” सर म्हणाले.

मी दोन्ही हात पुढे केले. रसायनशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात, नव्या बॅनरखाली, तपासणी समितीच्या तीन पाहुण्यांसमोर. सरांनी माझ्या हातांना स्पर्श केला नाही. पेनाच्या टोकाने ते पाहुण्यांना दाखवले.

“हिच्या घरी बोंबील सुकवतात. हात न धुता कामाला लागते. हाताचं तेल टेस्ट ट्यूबला लागलं. माशाच्या तेलात डबल बॉन्ड असतात, मॅडम. म्हणून रंग गेला. आमची केमिकल्स उत्तम आहेत.”

समितीतल्या बाई हसल्या. कुत्सित नव्हे, सभ्य हसल्या. मग रुमाल नाकाशी नेला. त्या क्षणापर्यंत त्यांना कसलाही वास आलेला नव्हता.

बाई हसल्या म्हणून प्राचार्य हसले. प्राचार्य हसले म्हणून फोटोग्राफर हसला. मी हात पुढे धरूनच उभी. मागे घे असं कोणी सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. बोंबलात तेल जवळजवळ नसतंच. बोंबील म्हणजे बहुतेक पाणी. तेल असतं तारलीत, बांगड्यात. अपमान करायचा तर मासा तरी बरोबर निवडावा.

मी या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर आहे. म्हणजे बाटल्या भरणे, नळ्या धुणे, द्रावणं तयार करणे, तुटलेल्या काचेची नोंद ठेवणे. माझे वडील इथेच शिपाई होते. ते गेले तेव्हा माझं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं होतं. मला अनुकंपेवर घेतलं. अनुकंपा हा सरकारी शब्द आहे. ती मनात असावी लागत नाही. फाइलमध्ये असली की पुरते.

मला अजून तिशी लागलेली नाही. पन्नाशी ओलांडलेले सर मला मावशी म्हणतात. चतुर्थ श्रेणीत बाई लागली की ती त्याच दिवशी सगळ्या कॉलेजची मावशी होते. “मावशी, तुम्ही जरा...” अशी त्यांची वाक्यं सुरू व्हायची. पाहुण्यांसमोर मात्र थेट एकेरी. त्या दिवशी मला कळलं की ते ‘तुम्ही’ मला नव्हतंच, मावशीला होतं.

सर माझ्या हातचं पाणी पीत नसत. “मासळीवाले ना तुम्ही,” असं हसत हसत सांगत आणि स्वतःची बाटली उघडत. ब्रोमिनची बाटली मात्र ते कधी उघडत नसत. ती मी उघडायची. तपकिरी, जड द्रव. वाफ नाकात गेली तर घसा सोलून निघतो. दोन हातमोजे, पंखा बंद, खिडकी उघडी, श्वास रोखून. मी केलेल्या द्रावणांवर सरांचे दोन शोधनिबंध निघाले. त्यात आभाराचा परिच्छेद आहे. त्यात संस्थेच्या अध्यक्षांचे आभार आहेत. अध्यक्ष दोरखंडाचे व्यापारी आहेत.

प्रयोगशाळेला लागून एक छोटी तयारीची खोली आहे. मधलं दार नीट लागत नाही. नऊ वर्षं मी त्या दारामागे नळ्या धूत सरांची व्याख्यानं ऐकली. सर शिकवतात चांगलं. ते नाकारणार नाही. अल्कीन मला त्यांनीच शिकवलं, त्यांना पत्ता नसताना. कार्बनच्या दोन अणूंमध्ये दोन बंध. पहिला सिग्मा, दोन अणूंच्या मधोमध, घट्ट. दुसऱ्याचं नाव ‘पाय’, ग्रीक अक्षरावरून, त्या रेषेच्या वर आणि खाली पसरलेला इलेक्ट्रॉनचा पातळ ढग. एक बंध असला की अणू स्वतःभोवती फिरू शकतात. दुसरा आला की फिरणं बंद. ज्या बाजूला जो गट असेल तो तिथेच अडकतो. दुसरा बंध उघड्यावर असतो म्हणून तो आधी तुटतो. ब्रोमिन आला की दुहेरी बंध उघडतो, दोन्ही कार्बन एकेक ब्रोमिन घेतात, आणि केशरी रंग त्या क्षणी नाहीसा होतो. उजेड असो, अंधार असो.

इथे लेखिका ‘मी म्हणजे तो उघडा बंध’ असं काही म्हणेल, अशी वाचकाची अपेक्षा असते. मी म्हणणार नाही. रेणूला हात दाखवावे लागत नाहीत.

समिती येणार म्हणून महिनाभर कॉलेज रंगवत होते. गळकं छत तसंच राहिलं, भिंती पिवळ्या झाल्या. रसायनशास्त्र विभागाने असंपृक्ततेची, म्हणजे दुहेरी बंध ओळखायची, चाचणी दाखवायची असं ठरलं. चाचणी सोपी आणि दिसायला सुंदर. एका नळीत सायक्लोहेक्सीन. त्यात एक दुहेरी बंध. दुसरीत हेक्झेन. त्यात सगळे एकेरी. दोन्ही पाण्यासारखे स्वच्छ, बघून ओळखता येत नाहीत. दोघांत ब्रोमिनचं द्रावण थेंब थेंब घालायचं. पहिल्यातला रंग लगेच जातो, दुसऱ्यातला राहतो. पाहुण्यांना फरक डोळ्यांनी दिसतो.

प्रयोग सुनंदाने करायचा असंही ठरलं. सुनंदा तिसऱ्या वर्षाला. तलासरीच्या एका पाड्यावरून येते. सहाआसनी, मग एसटी, मग चालत. वर्गात तिचे हात सगळ्यांत स्थिर. पण तिची निवड हातांसाठी झाली नव्हती. फोटोत आदिवासी विद्यार्थिनी प्रयोग करताना दिसली पाहिजे, असा प्राचार्यांचा आग्रह होता. सुनंदाला ते माहीत होतं. ती मला म्हणाली, “ताई, मला लुगडं नेसून यायला सांगितलं नाही, एवढं नशीब.”

प्रयोगशाळेत फोटोला उजेड कमी पडतो, असं फोटोग्राफर म्हणाला. मग टेबल व्हरांड्यात आणलं. ऊन थेट टेबलावर. पाहुणे येतील तेव्हा थांबायला नको, म्हणून सरांनी सुनंदाला दोन्ही नळ्यांत ब्रोमिन आधीच घालून ठेवायला सांगितलं.

मी म्हणाले, “सर, हेक्झेनची नळी उन्हात नको. तिचाही रंग जाईल.”

सर म्हणाले, “मावशी, तुम्ही ट्यूब धुवा. केमिस्ट्री आम्ही बघतो.”

सुनंदा शेजारीच होती. तिने ऐकलं.

पहिल्या नळीतला रंग लगेच गेला. दुसरी नळी छान केशरी. फोटोग्राफरने रिकाम्या टेबलाचा एक फोटो काढून बघितला. मग खाली सभागृहात स्वागत सुरू झालं. शाल, श्रीफळ, चिकूची करंडी. करंडी सरांच्या आशागडच्या वाडीतली. प्राचार्यांचं प्रास्ताविक. अध्यक्षांचा संदेश, कारण अध्यक्ष आले नव्हते. त्या संदेशाला टाळ्या. नळी उन्हात. मी वर टेबलाशी उभी. हलवू नका असा हुकूम होता, कारण फोटोग्राफरने जागा ठरवली होती. मी तिचा रंग जाताना बघत राहिले. केशरी, पिवळा, मग नुसता पिवळट. नळीच्या तोंडाशी बारीक धूर. मी बॅनरची सावली पडेल म्हणून बॅनर जरा ओढला. फोटोग्राफरचा मदतनीस ओरडला, “ओ मावशी, नाव कापलं जातंय!”

पाहुणे आले तेव्हा दोन्ही नळ्या पाण्यासारख्या.

समितीचे प्रमुख इतिहासाचे प्राध्यापक होते. त्यांनी वाकून बघितलं. विचारलं, “यात फरक काय दिसतो?”

त्या दिवसातला तो एकमेव शास्त्रीय प्रश्न. इतिहासाच्या माणसाने विचारलेला.

सर नळ्यांकडे बघत राहिले. दोन सेकंद, तीन सेकंद. मग माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “हात दाखव.”

समिती जेवायला गेली. मी हात धुतले. कशासाठी धुतले ते मलाही सांगता येणार नाही. स्वच्छच होते. सकाळपासून हातमोज्यांत होते. साबण लावला, परत लावला. नळाखाली उभी राहून माझ्या लक्षात आलं की मी सरांचं ऐकतेय.

त्याच संध्याकाळी कार्यालयातून कळलं की कारणे दाखवा नोटीस येणार. नोटिशीच्या आधी खुलासाच तयार होता. आमच्याकडे तशी पद्धत आहे. वरच्याने नोटीस लिहायची आणि खालच्याचं उत्तरही वरच्यानेच लिहायचं. खालच्याने सही करायची. यात वेळ वाचतो. प्रधान लिपिक शहाभाईंनी कागद माझ्यापुढे ठेवला. टाइप केलेला.

‘मी स्वच्छतेचे नियम न पाळल्यामुळे व माझ्या हातास लागलेल्या मासळीच्या तेलामुळे प्रात्यक्षिक बिघडले. मला रसायनांविषयी कोणतेही ज्ञान नाही. यापुढे मी रसायने हाताळणार नाही. झालेल्या चुकीबद्दल क्षमा असावी.’

खाली माझं नाव, पद. सहीसाठी रेघ.

शहाभाई वाईट माणूस नाही. वडिलांबरोबर चहा पिणारा. हळूच म्हणाले, “सही करी नाखो ने, बेन. नुसता कागद आहे. फाइलला लागेल, कोण वाचतंय?”

कोण वाचणार ते मला माहीत होतं. प्रयोगशाळा सहाय्यकाची जागा रिकामी होणार होती. त्या जागेसाठी माझा अर्ज गेलेला. अट एकच, रसायनं हाताळण्याचा अनुभव. माझ्याकडे नऊ वर्षांचा होता. या कागदावर सही केली की नऊ वर्षं गेली. आणि तीसुद्धा माझ्याच सहीने. मला रसायनातलं काही कळत नाही, असं मीच सांगितलेलं असेल.

मी म्हणाले, “उद्या देते.”

तेव्हा मला अजून वाटत होतं की सरांची चूक झाली. घाईत, पाहुण्यांसमोर, माणसाला सुचत नाही. चूक दाखवली की माणूस ती सुधारतो. दारामागे ऐकलेल्या व्याख्यानांमुळे माझा असा समज झाला होता. विज्ञानात असं होतं, असं सर प्रत्येक वर्षी पहिल्या तासाला सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी तारल्या साफ केल्या. आईबरोबर, टोपलीभर. आणि आयुष्यात पहिल्यांदा हात न धुता कामावर आले. एसटीत शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली. बसू दे.

कॉलेज उघडल्या उघडल्या तीन नळ्या घेतल्या. तिन्हींत हेक्झेन. पहिल्या नळीच्या आतून माझं तेलकट बोट फिरवलं, चांगलं दोनदा. तिन्हींत सारखे थेंब ब्रोमिन. पहिली आणि दुसरी कपाटात, दार बंद. तिसरी व्हरांड्यात, कालच्याच जागी, उन्हात.

वीस मिनिटांनी उन्हातली नळी पाण्यासारखी. तोंडाशी ओला निळा लिटमस धरला. लाल झाला. म्हणजे आम्ल निघालं. म्हणजे ऊन ब्रोमिनला फोडतं आणि तो हेक्झेनचा हायड्रोजन काढून त्याची जागा घेतो. दुहेरी बंध असता तर ब्रोमिन आत जोडला गेला असता, हायड्रोजन बाहेर पडला नसता, आम्ल निघालं नसतं. कपाटातल्या दोन्ही नळ्या केशरी. माझं बोट फिरवलेली किंचित फिकी असेल, पण केशरी. एका बोटाच्या तेलाने एवढा ब्रोमिन संपत नाही. चमचाभर तेल ओतावं लागेल.

सगळं कागदावर लिहिलं. वेळ, थेंब, लिटमस. स्टँडमध्ये तिन्ही नळ्या घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. दारावर टकटक करायचंही विसरले. भीतीने नव्हे. खरं सांगायचं तर आनंदाने. मला वाटत होतं, सर खूश होतील.

सरांनी नळ्या बघितल्या. कागद वाचला. पूर्ण वाचला. मग चष्मा काढला.

“फ्री रॅडिकल सब्स्टिट्यूशन,” ते म्हणाले. “सेकंड इयरला शिकवतो मी हे. मला माहीत आहे. काल तिथे उभं राहूनच माहीत होतं.”

मी कागदाकडे बोट केलं.

“मग?” सर म्हणाले.

तो एक शब्द. आवाज चढवला नाही. रागावले नाहीत. खरंच विचारत होते. मग काय करणार आहेस तू याचं?

माझ्याकडे पुरावा होता. पुराव्यानंतर काय करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. दारामागच्या कोणत्याही व्याख्यानात ते नव्हतं. माझा समज असा की माणूस चुकीचं बोलतो ते त्याला माहीत नसतं म्हणून. तिथे उभी असताना कळलं की त्यांना सगळं माहीत होतं. हेक्झेन माहीत होतं, ऊन माहीत होतं, माझे हात स्वच्छ आहेत तेही माहीत होतं. तीन सेकंद ते नळ्यांकडे बघत होते, ते कारण शोधत नव्हते. माणूस शोधत होते. आणि तो शोधायला त्यांना फार लांब जावं लागलं नाही.

“ट्यूब धुवून ठेवा,” सर म्हणाले. “आणि हात धुवा. वास येतोय.”

या वेळी येत होता. ते बरोबर होते.

सुनंदाला मी जिन्यात गाठलं. तिने माझा इशारा ऐकला होता. दोन ओळी लिहून दे म्हणाले.

“ताई, माझे इंटर्नल सरांच्या हातात आहेत.”

“माहीत आहे.”

“आमच्या पाड्यावरून तिसऱ्या वर्षापर्यंत पोचलेली मी एकटीच आहे, ताई.”

तेही माहीत होतं. तिने रडायला सुरुवात केली. मीच तिची समजूत काढली. लिहू नकोस म्हणाले. खरंच म्हणाले. तिच्या जागी मी लिहिलं नसतं.

घरी आईला सांगितलं. आई वलांडीवर बोंबील टांगत होती. बांबूच्या आडव्या काठीवर दोन बोंबील एकमेकांच्या तोंडात अडकवून ती लांब रांग लावते. हात थांबले नाहीत.

“दे लिहून, गो. हात काय कापून मागितला?”

“तू वाढवण बंदराविरुद्धच्या मोर्चाला पहिल्या रांगेत बसतेस. पोलिसांना जागा देत नाहीस. आणि मला सही करायला सांगतेस?”

“तिथे सगळा किनारा असतो,” आई म्हणाली. “कॉलेजात तू एकटी.”

मी टोपलीतून दोन बोंबील उचलून तिच्या हातात दिले. मग ती म्हणाली, “तुझ्या बापाला पण द्यावं लागलं होतं असं एकदा लिहून. पाहुण्याचं घड्याळ हरवलेलं. दिलं त्याने. सापडलं नंतर घड्याळ.”

“मग कागद?”

“कागद कोण परत देतो?”

हे मला आजवर ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी शहाभाईंना विचारलं. त्यांनी उठून कपाटातून वडिलांची जुनी फाइल काढून माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः चहाला गेले. पातळ फाइल. बत्तीस वर्षांची नोकरी, चार पानं. तिसरं पान ते. ‘माझ्या हातून घड्याळ उचलले गेले, क्षमा असावी.’ खाली वडिलांची सही. नीट, सावकाश केलेली. त्यांना आपल्या सहीचा अभिमान होता. आमच्या घरात सही करणारे ते पहिले. घड्याळ सापडल्याचा कागद फाइलमध्ये नव्हता. तो कोणी लिहिलाच नव्हता.

त्यांनी ते घरी कधी सांगितलं नाही. मला त्या फाइलवरून राग आला नाही. मी ते पान परत वाचलं. नऊ वर्षं मी ज्या अनुकंपेचा पगार खाल्ला, ती या पानाखाली ठेवलेली होती.

प्राचार्यांनी बोलावलं. सर तिथे बसलेले. टेबलावर कागद, कागदावर पेन, टोपण काढून ठेवलेलं. एवढीही मेहनत मला पडू नये.

प्राचार्य म्हणाले, “हे बघा, विषय मोठा करू नका. समितीचा अहवाल चांगला येतोय. एक औपचारिकता आहे.”

मी म्हणाले, “मी माझा खुलासा लिहून आणलाय.”

एका पानाचा होता. ऊन, हेक्झेन, सरांना दिलेला इशारा, सरांचं उत्तर, तीन नळ्या, लिटमस. सुनंदाचं नाव नाही. प्राचार्यांनी तो हातात घेतला नाही. सर म्हणाले, “परिचराने प्रयोगाचा निष्कर्ष काढायचा नसतो. ते तुमच्या कर्तव्यसूचीत नाही.”

“सर, मला रसायनं कळत नाहीत असं मी लिहिणार नाही. मला कळतात.”

“कोण म्हणतं?”

“तुम्ही. काल. केबिनमध्ये.”

सरांनी चष्मा पुसायला घेतला. प्राचार्यांनी त्यांच्याकडे बघितलं, मग छताकडे. छत गळतच होतं. मला क्षणभर वाटलं, काहीतरी होईल. काही झालं नाही. प्राचार्य म्हणाले, “सही करायची नसेल तर तुमची मर्जी. परिणाम तुम्हाला समजतात.”

समजत होते. झालेही. माझा खुलासा आवक विभागाने घेतला नाही, विहित नमुन्यात नाही म्हणून. विहित नमुना म्हणजे तोच टाइप केलेला. माझी बदली मुलींच्या विश्रांतीकक्षात झाली. प्रयोगशाळा सहाय्यकाच्या जागेवर रानशेतहून रोज येणारा एक मुलगा लागला. चांगला मुलगा. त्याला ब्रोमिनची भीती वाटते. तो मधल्या सुट्टीत येऊन मला विचारतो, मी सांगते. सुनंदा पास झाली. इंटर्नलला पैकीच्या पैकी. ती एसटी स्टँडवर दिसली की मान खाली घालून जाते, आणि मला ते सगळ्यांत जास्त लागतं.

मी जिंकले नाही. कोणी माझ्या बाजूने उभं राहिलं नाही आणि राहील असं वाटत नाही. सर पुढच्या वर्षी प्राचार्य होतील. तेव्हा माझी फाइल त्यांच्याच कपाटात जाईल.

पण त्या फाइलमध्ये तो कागद अजून रेघेवर रिकामा आहे. दर तीन महिन्यांनी कार्यालय मला स्मरणपत्र देतं, ‘आपला खुलासा प्रलंबित आहे.’ दर वेळी मी माझं तेच पान परत लिहून देते. ऊन, हेक्झेन, तीन नळ्या, लिटमस. शब्द बदलत नाही. दर वेळी ते परत येतं. शहाभाई म्हणतात, “केटला वखत, बेन? किती वेळा?”

चतुर्थ श्रेणीला साठाव्या वर्षी निवृत्ती. माझी एकतीस वर्षं शिल्लक आहेत. एकतीस वर्षं ते पाठवू देत. सही होणार नाही.